एक अल्बम, एक पुस्तक

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या पिढीचं मराठी बहुतेक करून तोंडी मराठी आहे. घरात बोलतो, फोनवर मावशीशी गप्पा मारतो, भावंडांशी भांडतोही त्याच भाषेत. पण ‘सध्या काय वाचतेस?’ असं कुणी विचारलं, तर एखाद्या इंग्रजी पुस्तकाचं नाव येतं आणि ‘काय ऐकतेस?’ विचारलं, तर हिंदी गाण्याचं. मराठी गाणी गणपतीच्या दहा दिवसांत वाजतात आणि मराठी पुस्तकं आईच्या उशाशी असतात. त्यातून आमच्या इंदुरातलं मराठी ‘मी जेवून राहिलेय’ या थाटाचं. नोकरीला पुण्यात गेलं, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’

म्हणून या अंकासाठी एक यादी केली आहे. थोर साहित्याची नाही, त्या याद्या शाळेत पुष्कळ पाहिल्या. ही आहे ऑफिसातून दमून आल्यावर, रविवारी दुपारी किंवा गाडीत बसल्या बसल्या ऐकायची आणि वाचायची हलकीफुलकी यादी. घरातल्या प्रत्येकाची आवड वेगळी, म्हणून प्रत्येक आवडीला एक अल्बम आणि एक पुस्तक अशी जोडी लावली आहे.

जोडीच का?

माझी भाची नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. हिंदीमुळे तिला देवनागरी येते, त्यामुळे मराठी वाचता यायला हवं असं सगळ्यांना वाटतं. पण ती मोठ्यानं वाचायला लागली, की ‘काळा’चं ‘काला’ होतं आणि ‘चार’मधला आणि ‘चारा’मधला च सारखाच येतो. यात तिचा दोष नाही. मराठीत च, ज आणि झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना मात्र खूण एकच. ‘चिमणी’तला च वेगळा, ‘चूल’मधला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया असेल तर ज एक, आणि ‘शंभर वर्षं जग’ असा आशीर्वाद असेल तर दुसरा. पानावर याचा पत्ता लागत नाही, तो कानालाच लागतो. बडोद्याच्या मुलांना ळ सोपा, कारण गुजरातीत तो आहेच. बेळगाव-हैदराबादकडच्या कानडी-तेलुगूतही आहे. त्यांचं अडतं ते देवनागरी भराभर वाचण्याच्या सवयीपाशी. पण औषध दोघांचं एकच, आधी कान तयार व्हायला हवा. शंभर वेळा ऐकलेला शब्द डोळ्यांसमोर आला, की तो अक्षर-अक्षर जोडून वाचावा लागत नाही, ओळखीच्या माणसासारखा लांबूनच ओळखू येतो.

दुसरं कारण घरातलं आहे. मागच्या वर्षी आजीचं जुनं घर रिकामं करायचं ठरलं. दोन कपाटं भरून पुस्तकं आणि एक पत्र्याची पेटी भरून कॅसेट. नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि टाकवत तर कुणालाच नाही. शेवटी मामानं नियम घातला, पुस्तक ज्याला हवं असेल त्यानं ते कोण वाचणार त्याचं नाव सांगायचं. ‘असू दे, आठवण म्हणून’ हे उत्तर चालणार नाही. तेवढ्यानं खोली गप्प झाली. काही पुस्तकं ग्रंथालयानं घेतली, बाकीची वजनावर गेली. आमच्या पाच घरांत मिळून राहिली ती फक्त एकतीस. कॅसेट तर रद्दीवाल्यानंही नाकारल्या. गंमत अशी, की त्या पेटीतली जवळजवळ सगळी गाणी आज फोनवर आहेत. गाणी आपोआप वाचली. पुस्तकं मात्र कुणीतरी वाचली तरच वाचतात.

तर आता जोड्या.

हसायला आवडतं त्यांच्यासाठी

पुस्तक: चिं. वि. जोशी यांचं ‘चिमणरावाचे चऱ्हाट’. अल्बम: पु. ल. देशपांडे यांच्या आवाजातलं ‘रावसाहेब’.

चिमणराव, त्यांची बायको काऊ, मोरू, मैना, राघू ही मुलं आणि दांडगा गुंड्याभाऊ हे पुण्यातलं कुटुंब. पण ते जन्माला घालणारे चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषेचे प्राध्यापक होते. म्हणजे मराठीतलं एक अत्यंत विनोदी घराणं गुजरातेत बसून लिहिलं गेलं आहे. आपल्या आईवडिलांना दिलीप प्रभावळकरांचा दूरदर्शनवरचा चिमणराव आठवत असेल. गोष्टी सुट्या सुट्या आहेत, एका बैठकीत एक संपते. काही शब्द जुने आहेत, ते अडले तर सोडून द्यावेत, हसू अडत नाही.

‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र पु. लं.च्या ‘गणगोत’मधलं, पण ते आधी ऐकावं. रावसाहेब बेळगावचे. त्यांचं मराठी कानडी वळणाचं, लिंगाचे सगळे नियम मोडणारं आणि शिव्यांनी सजलेलं. पु. ल. ते बोलून दाखवतात तेव्हा आपण पहिली दहा मिनिटं पोट धरून हसतो आणि नंतर कधी गंभीर होतो ते कळत नाही. ज्यांना आपल्या इंदुरी, बडोदेकर किंवा हैदराबादी मराठीचा संकोच वाटतो, त्यांनी हे नक्की ऐकावं. मराठीतल्या सर्वांत लाडक्या माणसांपैकी एक माणूस व्याकरणाच्या परीक्षेत सपशेल नापास झाला असता.

एकट्यानं बसायला आवडतं त्यांच्यासाठी

अल्बम: कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. पुस्तक: प्रकाश नारायण संत यांचं ‘वनवास’.

कुमारजींचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घर कानडी, गाण्याचं शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे. पुढे क्षयरोग झाला आणि कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते देवासला आले, आमच्या इंदूरपासून तासाभरावर. काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली. बरे होऊन ते पुन्हा गायला लागले तेव्हा हा सगळा माळवा त्यांच्या गाण्यात आला होता. भजनांचे शब्द बहुतेक कबीराचे आहेत, त्यामुळे हिंदीत शिकलेल्यांना जड जात नाहीत. सुरुवातीला एका वेळी एकच भजन ऐका, दिवे मालवून. लहान लहान तुकड्यांत येणारा तो आवाज आणि मधल्या शांत जागा, दोन्हींची सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

‘वनवास’मधला लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. तोही त्याच बेळगावच्या परिसरातला. त्याच्या आजूबाजूला मराठी आणि कानडी एकमेकांत इतकी मिसळली आहेत, की कुठली कुठे संपते ते त्यालाही सांगता येणार नाही. या मालिकेतली पुढची पुस्तकं ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. ‘शारदा संगीत’ या कथेत लंपन गाणं शिकायला जातो, म्हणजे आपल्या जोडीतलं गाणं पुस्तकातच सापडतं. २०२४ साली निपुण धर्माधिकारी यांनी ‘लंपन’ ही वेबमालिका केली. मुलं ती पाहत असतील, तर पुस्तक हातात द्यायला यापेक्षा चांगली वेळ नाही. आमच्या एकतीस पुस्तकांत ‘वनवास’ माझ्या भाचीच्या नावावर आहे. तिनं ते दीड महिना घेतलं. शेवटच्या कथेपर्यंत पोचली तोवर ‘ळ’ जागेवर आला होता.

आजी-आजोबांबरोबर ऐकायला

अल्बम: ‘गीतरामायण’. पुस्तक: व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’.

‘हे तर म्हाताऱ्यांचं’ असं म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला नवं गाणं, अशी ५६ गाणी. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची आणि ठरलेल्या दिवशी ते लोकांच्या घरात वाजायचं. आज आपण वेबमालिकेच्या पुढच्या भागाची वाट पाहतो, तशी तेव्हा लोक पुढच्या गाण्याची वाट पाहत. मुळात ही गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. घरोघरी पोचलं ते पुढे बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण. ते ऐकताना उच्चारांकडे लक्ष द्या. मराठी शब्द तोंडात कसा ठेवावा याची इतकी चांगली शिकवणी कुठल्याच क्लासात मिळणार नाही. सगळी गाणी एकदम ऐकायची गरज नाही. आजीला विचारा तिचं आवडतं कोणतं आणि का, आणि तिथून सुरुवात करा. गाण्यापेक्षा तिचं उत्तर कदाचित लांब होईल.

‘बनगरवाडी’ ही धाकट्या माडगूळकरांची कादंबरी, तीही १९५५ सालचीच. मोठा भाऊ अयोध्येत रमला होता तेव्हा धाकटा माणदेशातल्या धनगरवस्तीची गोष्ट सांगत होता. एक तरुण मास्तर एका वाडीत शाळा चालवायला जातो, एवढंच कथानक. पुस्तक लहान, वाक्यं छोटी, भाषा स्वच्छ. पहिली मराठी कादंबरी कुठली वाचू असं मला विचारलं, तर मी हीच सांगते.

पाऊस, प्रेम वगैरे

अल्बम: ‘गारवा’. पुस्तक: मिलिंद बोकील यांची ‘शाळा’.

‘गारवा’ आपल्या मोठ्या भावंडांच्या कॉलेजच्या दिवसांतला. मिलिंद इंगळे यांचा आवाज आणि सौमित्र यांची कविता. सौमित्र म्हणजे अभिनेते किशोर कदम, ‘फँड्री’तले वडील. अल्बममध्ये गाण्यांच्या मधे कविता बोलली जाते, त्यामुळे कवितेला घाबरणारी माणसंही नकळत कविता ऐकून जातात. त्यानंतर सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचं ‘आयुष्यावर बोलू काही’ घ्यावं. तिथे कविता आणखी रोजच्या बोलण्याजवळ येते.

आणि एक पायरी मागे जायची हौस असेल, तर लता मंगेशकरांनी गायलेली भा. रा. तांबे यांची गीतं. तांबे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी, लताबाईंचा जन्म इंदूरचा. महाराष्ट्र ज्यांना आपली खास भावगीतं म्हणतो, त्यातल्या कित्येकांची मुळं अशी आपल्या गावांत आहेत. वसंत प्रभू आणि हृदयनाथ मंगेशकर या दोघांनी तांब्यांच्या कवितांना चाली दिल्या आहेत. एकच कवी दोन संगीतकारांच्या हातात कसा बदलतो, हे ऐकणं हाच एक खेळ आहे.

‘शाळा’ आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची गोष्ट. मुकुंद जोशी आणि शिरोडकर यांची नावं महाराष्ट्रात प्रेमाच्या संदर्भात जशी घेतली जातात, ते पाहता हे पुस्तक न वाचलेला माणूस गप्पांत मागे पडतो. सगळं मुलांच्या बोलीत आहे, म्हणून भराभर वाचून होतं. चित्रपटही चांगला आहे, पण आधी पुस्तक.

‘शास्त्रीय आपल्याला कळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

अल्बम: ‘कट्यार काळजात घुसली’, दोन्ही. पुस्तक: ‘नादवेध’.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ सालचं. संगीत गोव्यातल्या मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. त्यात जुन्या पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत आणि खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले आहेत. आधी चित्रपटाचा अल्बम ऐका, मग तीच पदं नाटकाच्या ध्वनिमुद्रणात. आजोबा कुठे थांबतात, नातू कुठे थांबतो, एवढंच पाहत गेलं तरी ‘कळत नाही’ची तक्रार कमी होते.

‘नादवेध’ हे अच्युत गोडबोले आणि सुलभा पिशवीकर यांचं पुस्तक रागांविषयी आहे, पण पाठ्यपुस्तक नाही. एकेक राग घेऊन ते त्यातल्या बंदिशी, नाट्यगीतं आणि हिंदी-मराठी चित्रपटगीतं यांच्या गप्पा मारतं. गोडबोले आमच्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यातले, त्यामुळे मला त्यांच्याविषयी थोडा जास्त जिव्हाळा आहे. एका वेळी एकच राग वाचायचा, शेजारी फोन ठेवायचा आणि ज्या गाण्याचं नाव येईल ते लगेच लावायचं. लहानपणापासून गुणगुणलेली दोन हिंदी गाणी एकाच रागातली आहेत हे अचानक कळतं, तेव्हा होणारा आनंद कोडं सुटल्यासारखा असतो.

स्वस्थ न बसणाऱ्यांसाठी

अल्बम: ‘सैराट’. पुस्तक: नारायण धारप यांच्या भयकथा.

‘सैराट’ (२०१६) सगळ्यांनी नाचून झालं आहे. आता एकदा चांगले हेडफोन लावून, न नाचता ऐका. अजय-अतुल यांनी मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत केलं होतं. हलगी आणि व्हायोलिन एकमेकांना कशी जागा देतात ते तेव्हा कळतं. आणि नाचायचंच असेल, तर क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आहेच. अमराठी मित्र-मैत्रिणींना मराठी गाणं मागून घ्यायला लावण्याचं काम त्यानं एकट्यानं केलं आहे.

‘तुंबाड’ चित्रपट आवडला होता ना? त्याचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आलं आणि गोष्टीची सावली धारपांच्या कथेची. पेंडशांची कादंबरी जाडजूड आहे, ती नंतर बघू. धारप मात्र रात्री अकराला हातात घ्यावेत. भाषा साधी, घरं ओळखीची, आणि त्या घरात काहीतरी भलतंच. घाबरलेला माणूस किती भराभर वाचतो याचा अनुभव यावा म्हणून तरी एकदा वाचा.

लहान मुलांसाठी

अल्बम: ‘अग्गोबाई ढग्गोबाई’. पुस्तक: भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’.

सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांच्या या गाण्यांना मुलं कंटाळत नाहीत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आईबाप कंटाळत नाहीत. लांबच्या प्रवासात ही दुसरी गोष्ट फार मोलाची असते. फुरसुंगीचा बनेश फेणे आठ-दहा वर्षांच्या मुलांना आजही पकडून ठेवतो. सुरुवातीला तुम्ही वाचून दाखवा, मात्र रहस्य ऐन रंगात आलं की ‘मला काम आहे’ म्हणून उठून जा. पुढचं पान मूल स्वतः वाचतं. शिवाय बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. आपल्या बाबांनी लहानपणी वाचलेला अंक शोधून काढणं हा एका रविवारचा उद्योग होतो.

फोनला मराठी शिकवा

आता थोडं माझ्या कामाचं. गाण्यांची अॅप तुम्हाला पुढचं गाणं सुचवतात ते मुख्यतः दोन गोष्टी पाहून. तुम्ही आजवर काय पूर्ण ऐकलंत आणि तुमच्यासारखं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं. वर्षातून दहा दिवस आरत्या लावल्या, तर अॅपच्या लेखी मराठी म्हणजे आरत्या. ते बदलायचं तर तीन गोष्टी कराव्यात. अॅपमध्ये भाषा निवडायची सोय असेल तिथे मराठी निवडा. आवडलेलं गाणं मधेच न सोडता पूर्ण ऐका आणि आपल्या यादीत टाका. आणि अल्बम सलग ऐका. ‘गारवा’ सलग ऐकण्यासाठीच केलेला आहे, त्याचे तुकडे इकडेतिकडे उडाले की मजा जाते. जुन्या गाण्यांच्या बाबतीत अॅपवर संगीतकार-गीतकारांची नावं पुष्कळदा चुकीची किंवा अर्धवट असतात. ती पाहायची असतील, तर ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उघडा. गाण्याचे शब्द, कवी, संगीतकार, राग सगळं एका पानावर मिळतं. गाणं लावून शब्द डोळ्यांसमोर ठेवणं हा वाचनाचा सगळ्यात सोपा सराव आहे. टीव्हीवर सबटायटल वाचतो तसंच.

पुस्तकांचं म्हणाल, तर आपल्या गावांत मराठी पुस्तकांची दुकानं फार नाहीत हे खरं. पण घरबसल्या मागवता येतात, आणि ज्यांना वाचनाचा वेग अजून नाही त्यांच्यासाठी स्टोरीटेलसारख्या अॅपवर मराठी पुस्तकं ऐकायलाही मिळतात. आधी ऐकून मग तेच वाचलं तरी ती लबाडी नाही, उलट सोपं जातं. मात्र सगळ्यात आधी आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात जा. एखाद्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडून तारखेचे शिक्के बघा. कितीतरी पुस्तकांवर शेवटचा शिक्का पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असतो. पुढच्या वेळी ग्रंथालयात जागेचा प्रश्न आला, की तेच शिक्के मोजले जाणार आहेत, हे सांगायला नको.

सगळ्या जोड्या करायच्या असं काही नाही. घरात बसून एक निवडा. अल्बम पंधरा दिवस ऐका आणि मग पुस्तक उघडा. रोज पाच पानं पुरेत. नाही आवडलं तर बंद करा आणि दुसरी जोडी घ्या, कुणी गुण देणार नाही. आणि आवडलं, तर ते पुस्तक पुढे कोण वाचणार त्याचं नाव आतल्या पानावर पेन्सिलीनं लिहून त्याच्या हातात द्या.